ओल आलेलं भाड्याचं घर, उसळलेला दमा आणि दिवाळीला मारायचा रंग

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. डोंबिवली पूर्वेला चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर वन बीएचके, अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला. जुलैपासून बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर रंगाला फुगे, छताजवळच्या कोपऱ्यात काळे ठिपके, कपाट उघडलं की कुबट वास. विचारणाऱ्या ताईंना लहानपणी दमा होता. गेली बारा वर्षं पंप लागला नव्हता, आता पहाटे तीनला उठून बसावं लागतं. साडेतीन वर्षांच्या मुलाचा खोकला हटत नाही. सासूबाईंना मधुमेह. घरमालक म्हणतात, "पावसाळ्यात सगळ्यांकडेच ओल येते, दिवाळीला रंग मारून देतो." ताईंचे प्रश्न तीन: हे काळं म्हणजे ब्लॅक फंगस का, तपासण्या कोणत्या करायच्या, आणि घर सोडायचं का?

मी ठाण्यात बावीस वर्षं छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करतोय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माझ्याकडे येणाऱ्या दम्याच्या पेशंटना मी नाव-वयानंतर तिसरा प्रश्न विचारतो तो घराचा. कितवा मजला, पलंगाचं डोकं कुठल्या भिंतीला, त्या भिंतीपलीकडे काय आहे. लोकांना आधी गंमत वाटते. मग आठवून सांगायला लागतात.

ब्लॅक फंगसची भीती पहिल्यांदा काढून टाकू. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्याने डोळे, जबडे गेले तो म्युकरमायकोसिस. तो रोग काळ्या भिंतीमुळे होत नाही. त्याची बुरशी माती, शेणखत, कुजका पालापाचोळा अशी सगळीकडे असते आणि आपण सगळेच ती रोज श्वासातून घेतो. साखर हाताबाहेर गेली असेल, जास्त स्टिरॉइड चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती पार खालावली असेल तेव्हा ती आत पाय रोवते. "काळा" हे नाव पडलं ते मेलेल्या पेशींच्या रंगावरून. तुमच्या भिंतीवर बहुधा क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम अशा नेहमीच्या जाती असतील. कुठली जात आहे हे कळून उपचार बदलत नाही, त्यामुळे भिंतीचा नमुना घेऊन लॅबला पाठवण्यात पैसे घालू नका. घरातल्या हवेत किती बुरशी असली तर चालते असा सर्वमान्य आकडाच नाही. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ओलीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही असा आकडा न देता सरळ सांगितलंय की ओल आणि बुरशी दिसली किंवा तिचा वास आला की ती काढा.

त्याच सूचनांमध्ये दुसरी गोष्टही आहे, ती तुमच्या मालकांना वाचून दाखवण्यासारखी. ओल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घुरघुर, श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होतात आणि असलेला दमा बळावतो. तुमच्या बाबतीत हेच होतंय असं मला वाटतं. बुरशीचे बीजाणू आणि तिचे बारीक तुकडे श्वासनलिकेच्या अस्तराला चेतवतात. त्यात दमट गादीत धुळीचे किडे माजतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या किड्यांना जगायला हवेतली ओल लागते, आणि पावसाळ्यात ती त्यांना भरपूर मिळते. पहाटे तीनचंही तसंच. दमा मुळातच रात्री उशिरा जास्त त्रास देतो, त्यात तुम्ही सात-आठ तास त्याच भिंतीपाशी नाक ठेवून झोपता. आजच पलंग त्या भिंतीपासून हलवा, जमलं तर हॉलमध्ये झोपा. फुकटचा उपाय आहे, आणि काही जणांना चार-पाच रात्रींत फरक कळतो.

बारा वर्षं पंप लागला नाही म्हणजे दमा गेला असं नसतं, तो दबा धरून बसलेला असतो. नेहमी घडतं असं की माणूस जुन्या आठवणीने मेडिकलमधून निळा पंप आणतो आणि रात्री दोन-दोन फवारे घेत राहतो. त्या पंपाने नळ्या चार-सहा तासांपुरत्या उघडतात, आतली सूज तशीच राहते. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये, हे २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. सूज कमी करणारा, श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा पंप हवा, तोही रोज. "स्टिरॉइड" ऐकून घाबरू नका, हा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. मात्र वाक्य पुरं करताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ऑक्सिमीटर ९२ च्या खाली दाखवत असेल तर घर-भिंत-मालक सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.

मुलाबद्दल मी जरा सावध बोलेन. साडेतीन वर्षांचं मूल जूनमध्ये प्लेग्रुपला जायला लागलं की एकामागून एक सर्दी घेऊनच येतं. प्रत्येक खोकल्याचं खापर भिंतीवर फोडू नका. कॅलेंडर घ्या आणि रोज रात्री त्यात एक खूण करा: खोकला झोपेत येतो का, धावल्यावर येतो का, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का. ताप नसताना, नाक वाहत नसतानाही रात्रीचा खोकला चालूच असेल, आणि गणपतीला आजोळी चार दिवस गेल्यावर तो गप्प झाला असेल, तर बालरोगतज्ज्ञाला ते कॅलेंडर दाखवा. शांत झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगाचा श्वास. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर त्याच रात्री डॉक्टरकडे जा. खोकल्याच्या बाटल्यांचा या वयात उपयोग जवळजवळ शून्य. कपाटातल्या कुबट वासावर लोक डांबरगोळ्या टाकतात, त्याही लहान मूल असलेल्या घरात नकोत. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि अशा मुलांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासानेसुद्धा फुटू शकतात. वास मारायला धूप, लोबान, मच्छर कॉइल लावू नका. बुरशी जागच्या जागीच राहते आणि वर धुराची भर पडते.

सासूबाईंचं काम सोपं आहे: साखर ताब्यात, आणि भिंत साफ करताना त्या घरात नकोत. पावसाळ्यात त्यांना मांडीत, काखेत नायटा होत असेल तर त्याचा संबंध भिंतीशी लावू नका. ती बुरशी वेगळी, ती न वाळलेल्या कपड्यांत आणि घामात वाढते.

आता दोन दुखणी सांगतो. दोन्ही तुम्हाला आहेत असं मुळीच नाही, पण आपल्याकडे ती वर्षानुवर्षं हुकतात. पहिलं म्हणजे दमेकऱ्याच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी बसणं, आम्ही त्याला एबीपीए म्हणतो. काही वर्षांपूर्वी बदलापूरहून एक तिशीचा मुलगा आला. एक्स-रेवर डाग, म्हणून क्षयाचं सहा महिन्यांचं औषध घेऊन झालं होतं. बेडक्यात जंतू एकदाही सापडले नव्हते. मी विचारलं, कफ कसा पडतो? त्याने खिशातून रुमालाची घडी काढली. आत चॉकलेटी रंगाचा, रबरासारखा चिवट, सुपारीच्या खांडाएवढा गोळा. तो पाहून अर्धं निदान झालं. रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन, काही हजारांत होतं. निदानासाठी पूर्वी एकूण आयजीई १००० च्या वर लागायचं, २०२४ च्या सुधारित निकषांत ते ५०० वर आणलंय, सोबत अ‍ॅस्परजिलसचं विशिष्ट आयजीई ०.३५ किंवा जास्त. उपचार स्टिरॉइडच्या गोळ्यांनी किंवा बुरशीविरोधी औषधाने होतो आणि माणूस सुधारतो. औषध सुरू व्हायला उशीर झाला तर मात्र श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. भिंतीमुळेच त्याला हे झालं असं मी म्हणणार नाही. अ‍ॅस्परजिलस बाहेरच्या हवेतही असतो, आणि मुळात तशी अ‍ॅलर्जी असणाऱ्यालाच तो नडतो. पण अशा माणसाने बुरशीच्या खोलीत झोपू नये हे नक्की. तुमचा दमा नीट पंप घेऊनही दोन-तीन महिन्यांत आवरला नाही, तर या दोन रक्ततपासण्या करा. आधी नको.

दुसरं म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. यात फुप्फुसाचं जाळंच सुजतं, कोरडा खोकला आणि जिना चढताना वाढत जाणारी धाप. फुप्फुसाच्या अशा जाळ्याच्या आजारांची भारतभर नोंद झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १०८४ पेशंटपैकी जवळजवळ निम्म्यांना हाच आजार निघाला, आणि मोठे संशयित होते एअर कूलर. कूलरच्या ओल्या गवतात बुरशी वाढते आणि पंखा ती थेट तोंडावर फेकतो. मुंबई-ठाण्यात कूलर कमी, पण एसीच्या कट्ट्यावर कबुतरांची घरटी असतात, तीही तेवढीच वाईट. तुमच्या खिडकीबाहेर असतील तर जाळी लावून घ्या.

क्षयाबद्दल लोक हमखास विचारतात. ओलीमुळे क्षय होत नाही, तो माणसाकडून माणसाला लागतो. पण जिथे ऊन-वारा येत नाही तिथे एकाचा जंतू घरभर रेंगाळतो. मुंबईत मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लागतो, आणि क्षयाच्या संदर्भात त्या वस्त्यांची चर्चा वर्षानुवर्षं होत आलीय ती त्यामुळेच. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात बेडका मोफत तपासून घ्या आणि विषय संपवा.

तुमच्यासाठी खरी उपयोगाची तपासणी दोनच. एक स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं. दुसरी तर तुम्ही घरीच करायची: पीक फ्लो मीटर नावाची, फुंकर किती जोराची ते मोजणारी प्लॅस्टिकची नळी काही शे रुपयांत मिळते. सकाळी उठल्यावर आणि रात्री, पंप घेण्याआधी, तीनदा फुंकायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दोन आठवडे या घरात. मग एक आठवडा माहेरी किंवा जिथे ओल नाही अशा ठिकाणी, तीच औषधं घेत. माझ्या एका पेशंटबाईंच्या वहीत सकाळचा आकडा घरी ३०० ते ३२०, आणि नाशिकला बहिणीकडे चौथ्या दिवसापासून ४०० च्या पुढे, परत आल्यावर तीन दिवसांत पुन्हा ३१०. असा कागद समोर आला की मलाही वाद राहत नाही आणि मालकालाही. (मुलाला हे जमणार नाही. पाच वर्षांखाली आकडे भरवशाचे येत नाहीत.) शंभर-दीडशे पदार्थांची ती महागडी अ‍ॅलर्जी पॅनेल मात्र करू नका. दूध, वांगी आणि गहू बंद करून माणूस वाळतो, भिंत तशीच राहते.

आता भिंत. मी सिव्हिल इंजिनिअर नाही, पण इतक्या पेशंटांच्या भिंतींचे फोटो पाहिलेत की थोडं कळायला लागलंय. पाणी कुठून येतं हा एकच प्रश्न. पाऊस लागल्यावर काही तासांत डाग पसरत असेल तर टेरेस किंवा बाहेरच्या भिंतीची चीर. पावसाशी संबंध नसलेला, बारमाही डाग म्हणजे बाथरूम, मोरी किंवा पाइप. रंगाला फुगा नाही, नुसते ठिपके, तेही कपाटामागे, तर खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय. खात्री करायची तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली तर पाणी भिंतीतून, खोलीकडची ओली तर हवेतून. तुमचा वरचा मजला, बाहेरची भिंत आणि फुगे पाहता मी टेरेसवर आणि बाहेरच्या गिलाव्यावर पैज लावेन. आणि पांढरी पावडर दिसते ती बुरशी नव्हे, तो लोणा. पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. त्याने दमा होत नाही, पण भिंतीतून पाणी वाहतंय याची ती पावती आहे.

म्हणून दिवाळीचा रंग निरुपयोगी. ऑक्टोबरात वरून कोरडी दिसणारी भिंत आत आठवडेच्या आठवडे ओली असते, रंगाने ती ओल कोंडली जाते आणि पुढच्या जूनमध्ये पोपडे धरतात. आधी वरचं वॉटरप्रूफिंग, मग पोपडे खरवडणं, सुकू देणं, आणि सगळ्यात शेवटी रंग.

तोवर साफसफाई. तुम्ही स्वतः करू नका, घरातल्या धडधाकट माणसाने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून करावी. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. कोरडा ब्रश मारला की बीजाणू खोलीभर उडतात, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने भिजवायचं, मग फडक्याने पुसायचं, फडकं फेकायचं. ब्लीचची गरज नाही. वापरलंच तर त्यात किंवा त्यानंतर टॉयलेट क्लीनर अजिबात नको. त्यातल्या अ‍ॅसिडने क्लोरीन वायू सुटतो, आणि असा एक तरी माणूस दरवर्षी आमच्याकडे आयसीयूत येतो. कुबट वास लागलेली कापसाची गादी पिंजून घेऊ नका, बुरशी घरभर होईल. टाकून द्या. फुगलेल्या प्लायचं कपाटही गेलंच समजा. त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल आणि बटणाला हात लावताना झिणझिण्या येत असतील तर दम्याच्या आधी इलेक्ट्रिशियन.

"खिडक्या उघड्या ठेवा" हा सल्ला सगळे देतात. डिसेंबरात बरोबर, पण मुंबई-ठाण्याच्या जुलैत बाहेरचीच हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट असते, तिच्याने काय वाळणार? अंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा, बाकी वेळ एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा. कपडे बेडरूममध्ये वाळत घालू नका, मशीनच्या एका फेरीचे कपडे साधारण दोन लिटर पाणी हवेत सोडतात. घरात आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. छोटं डिजिटल मीटर स्वस्तात मिळतं.

घर सोडायचं का? माझं मत: आज नाही, पण हे घर तुमचं नाही हे मनात पक्कं करून टाका. सूज कमी करणारा पंप चालू करून, पलंग हलवून, भिंत पुसून चार आठवडे थांबा. तरी आठवड्यातून दोनदा रात्री जाग येत असेल, किंवा मुलाला एकदाही दम लागून दवाखान्यात न्यावं लागलं, तर अकरा महिने पुरे होण्याची वाट बघू नका. डिपॉझिटमधले काही हजार वाचवण्यापायी आयसीयूचं बिल ओढवून घेऊ नका. आणि घरात कुणाची केमोथेरपी चालू असती, किंवा कुणाला किडनी बसवलेली असती, तर मी पहिल्याच दिवशी निघा म्हटलं असतं.

मालकाशी फोनवर बोलणं बंद करा, लेखी कळवा, तारखेचे फोटो जोडा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण हे भाडेकरूसाठी आहे. तुमचा करार बहुधा लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देणारा असणार, त्याला हे कलम लागेल असं गृहीत धरू नका. करारातलं दुरुस्तीचं आणि मुदतीआधी सोडायचं कलम वकिलाला दाखवा. जास्त जोर सोसायटीकडे आहे. टेरेसची आणि पावसाच्या पाण्याची गळती आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. ते पत्र सभासद म्हणून मालकानेच द्यायला हवं, तेव्हा मसुदा तुम्हीच तयार करून त्यांना सहीला पाठवा. तुमच्या डॉक्टरांकडून "दम्याच्या रुग्णाने ओल व बुरशी असलेल्या खोलीत राहू नये" एवढं लेटरहेडवर मागून घ्या. मी असं पत्र नेहमी देतो.

इंग्लंडमध्ये हा विषय कोर्टापर्यंत गेला. रोचडेलमधला दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये वारला. भाड्याच्या घरातल्या बुरशीमुळेच, असं कोरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, २०२२ मध्ये नोंदवलं. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. आता तिथे त्याच्या नावाचा कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या (पालिका किंवा गृहसंस्था कमी भाड्याने देतात त्या घरांच्या) मालकांना गंभीर ओलीची तक्रार आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी करावी लागते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तो जरूर वापरावा. इथे असं काही नाही.

पुढचं घर शक्यतो पावसाळा संपायच्या आत बघा, तेव्हाच खरं दिसतं. उन्हाळ्यात बघावं लागलं तर माळा उघडून आत तोंड घाला आणि वास घ्या. पलंग-कपाटामागे मोबाइलचा टॉर्च मारा. चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का ते विचारा. बाथरूमच्या मागच्या भिंतीला तळहात लावा. वरचा मजला असेल तर टेरेसवर जा, तिथे ताडपत्री अंथरलेली असेल तर समजून जा. आणि एजंट किल्ल्या शोधत असेल तेवढ्यात शेजारच्यांची बेल वाजवून विचारा, "जुलैत तुमच्याकडे बादल्या ठेवाव्या लागतात का हो?"